साहेबांचं उभं मशिन

आमच्या वरवंडच्या घरात कोपऱ्याला एक उभं व्हॅक्यूम क्लिनर हाय. सुना त्याच्यावर टावेल वाळत घालत्यात. त्याचा इतिहास त्यांस्नी ठाऊक न्हाई, आन् मला तो गोड लागत न्हाई.

शिरूरला एका कारखानदार साहेबांच्या बंगल्यावर मी कामाला होतो. कारखाना तिकडं कारेगावच्या बाजूला नुकताच उभा राहिला होता. साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले, "मामा, थोडे दिवस बंगला सांभाळा. मग तुम्हाला कंपनीत पर्मनंट करून टाकू." त्या एका शब्दावर मी मेंढरं विकली.

बंगल्यात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गालिचा. तो झाडायला साहेबांनी परदेशातून आणलेलं पहिलं मशिन म्हंजी निव्वळ लोखंड. दांड्याला कापडाची पिशवी. बटण दाबलं की ती फुगायची, ओला चारा जास्त खाल्लेल्या मेंढीच्या पोटासारखी. खाली ब्रशचा रूळ गरगर फिरायचा. काही वर्षांनी त्याच बनावटीचं दुसरं आलं, त्याला पुढं दिवा. भर दुपारी दिवा लावून झाडायचं! मग तिसरं, सगळं प्लास्टिकचं, हलकं, नुसता आवाज. नवं मशिन आलं की मी विचारायचो, "साहेब, माझं कंपनीचं?"

"बघू की मामा. तुम्ही तर घरातलेच."

साहेब पुण्याला राहायला गेले तवा गालिचा गुंडाळला. बाईसाहेबांनी ते पहिलं लोखंडी मशिन माझ्यापुढं ठेवलं. "मामा, इतकी वर्षं केलंत आमचं. हे तुम्हाला."

मी ते उचललं. एसटीच्या टपावर टाकून घरी आणलं. भावकी जमलेलीच होती. कारभारणीनं विचारलं, "नोकरीचं काय झालं?"

चारचौघांत मान खाली घालायची मला सवय न्हाई. मी पिन खोचली आन् ऐटीत सोप्यात मशिन फिरवलं. जमीन शेणानं सारवलेली. रुळानं सारवणाचे पोपडेच्या पोपडे उचकटले, जुनी पिशवी उसवली, घरभर धुरळा. भावकी खोकत बाहेर पळाली. कारभारीण नाकाला पदर लावून म्हणाली, "अवं, भुई बी खाल्ली की ह्यानं. मेंढरं तर आधीच खाल्ली व्हती."

पुढं बऱ्याच वर्षांनी साहेबांचा मुलगा गाडी घेऊन दारात आला.

"मामा, या जुन्या मशिनला आता मान आलाय. पुढची दोन्ही माझ्याकडं आहेत. हे पहिलं मिळालं तर ओळ पुरी होईल. दिवाणखान्यात मांडणार आहे. आमच्या घरातलंच ना ते."

"मी बी घरातलाच व्हतो," मी म्हणालो. "मला बी मांडा त्या वळीत."

तो हसला. मी हसलो न्हाई, तवा तो म्हणाला, "जाऊ द्या मामा, जुनं कशाला उकरून काढता?"

"जुनंच न्यायला आलाय की तुम्ही."

आतनं कारभारीण म्हणाली, "द्या की, तेवढीच अडगळ कमी हुईल." मी दिलं न्हाई. गाडी रिकामी गेली.

आता घरात फरशी हाय, आन् मशिन कवाच बंद पडलंय. पर दिलं न्हाई ते बरंच केलं. त्यांच्या वळीत एकच जागा मोकळी राहिली. घरामागं माझी मेंढरं बसायची, ती जागा समदीच मोकळी हाय.