तळमजल्यावरचा खोल टब

मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५. मुलुंड पूर्व.
सकाळी बँकेत हयातीचा दाखला दिला. दुपारी रत्नप्रभाबरोबर घाटकोपरला टब बघायला गेले. तिचा भाचा निहार गाडी घेऊन आला होता. टब घेतला नाही. घरी आले तरी राग जात नव्हता, चहा गार झाला.

वहीत एवढंच लिहिलं. पण त्या रागाचं कारण चार ओळींत मावणारं नव्हतं.

रत्नप्रभा आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहते, मी तिसऱ्यावर. तिचं वय बहात्तर. वडील परळला गिरणीत होते. तिने ड्राफ्ट्समनचा कोर्स केला तेव्हा वर्गात ती एकटी मुलगी होती. मग सदतीस वर्षं विक्रोळीच्या एका कारखान्यात यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग्ज काढली. लग्न केलं नाही. धाकट्या भावाला तिने शिकवलं, त्याचं लग्न करून दिलं. निहार हा त्याच भावाचा मुलगा.

सत्त्याऐंशी साली कंपनीने तिला तीन आठवडे जपानला पाठवलं. तिथल्या वसतिगृहात बसायचा खोल टब होता. आधी बाहेर साबण लावून स्वच्छ आंघोळ करायची आणि मग गळ्यापर्यंत गरम पाण्यात नुसतं बसून राहायचं. बोर्डावर वाकून वाकून तिची कंबर तिशीतच धरली होती. त्या टबात ती पहिल्यांदा मोकळी झाली. आता तर सकाळी पलंगावरून उठायला तिला वीस मिनिटं लागतात. बाथरूमचे पाइप गंजले, फरशी उखडायचीच होती, तेव्हा ती म्हणाली, "आता तो टब बसवणार." कोणाकडे काही मागत नव्हती.

दुकानातला विक्रेता मात्र पहिल्यापासून निहारशीच बोलत होता.

"सर, आजींना आडवा टब देऊ या ना. एकदम झकास दिसतो."

"मला आडवं व्हायचं नाही, बसायचंय," रत्नप्रभा म्हणाली. "तीन फूट लांब, सव्वादोन रुंद, सव्वादोन खोल."

"सर, ही तर मोठी बादलीच झाली!" तो निहारकडे बघून हसला. निहारही हसला.

"टबात हे बसणार आहेत का?" रत्नप्रभाने विचारलं. "नाही ना? मग माझ्याकडे बघून बोला."

निहार मध्ये पडला. "आत्या, या वयात सव्वादोन फूट पाय उचलणार तू? पडलीस तर मालाडहून यायला मला दीड तास. एक स्टूल, एक दांडी लावू. विषय संपला."

विषय याने संपवायचा! काळजी मी समजू शकते, पण काळजी करणारा माणूस आधी विचारतो, मग बोलतो. आणि बोलतानाही परक्यासमोर हसत नाही.

तेवढ्यावर तो थांबला नाही. त्याने सोसायटीचा सेक्रेटरी राजेश याला फोन केला. शुक्रवारी रत्नप्रभाच्या दुरुस्तीच्या अर्जाला उत्तर म्हणून तिच्या दाराखालून पत्र आलं. 'टबाच्या वजनामुळे स्लॅबला धोका संभवतो. तसेच खालच्या मजल्यावरील सदस्यांकडे गळती होईल. सबब परवानगी नाकारण्यात येत आहे.'

मी ते दोनदा वाचलं. मग आम्ही दोघी पत्र घेऊन सोसायटीच्या ऑफिसात गेलो.

"राजेश, माझ्या खाली कोण सदस्य राहतो रे?" रत्नप्रभाने विचारलं. "उंदीर? त्यांची तक्रार आलीय का?"

"मावशी, फॉरमॅट असतो ना. सगळ्यांना तेच पत्र जातं."

"न वाचता सही करतोस?" मी म्हणाले.

"काकू, तुम्ही कशाला तापताय? बरं, खाली माती आहे, मान्य. पण निहार म्हणतो त्या पडतील. भाच्याची एनओसी आणा, मी लगेच सही करतो."

फ्लॅट तिच्या नावावर, कंबर तिची, बाथरूम तिचं, आणि परवानगी भाच्याची! आमचे हे गेले तेव्हा मलाही याच ऑफिसात विचारलं होतं, घरात आता पुरुष माणूस कोण? मी तोंड उघडलं, पण रत्नप्रभाने माझा दंड धरला.

"माती," ती म्हणाली.

"काय माती?"

"अगं, खाली माती आहे, तर खणता येईल. चल घरी."

त्या रात्रीच्या जेवणाआधी तिने ड्रॉइंग काढलं. टब नऊ इंच जमिनीत उतरवायचा. मग काठ फरशीपासून अठराच इंच वर राहतो, खुर्चीएवढा. काठावर बसायचं, पाय आत घ्यायचे, आतल्या पायरीवर टेकायचं. दुसऱ्या दिवशी प्लंबर चंद्रप्रकाशकडून तिने मागच्या गटाराच्या चेंबरचं झाकण उघडवलं आणि स्वतः टेप लावून पाहिला. चेंबर पुरेसं खोल होतं, पाणी आपोआप वाहून जाणार होतं. सोसायटीच्या इंजिनिअरनेही पाया तपासला आणि हरकत नाही असं लिहून दिलं.

रविवारी निहार आला. तिने त्याला हॉलमधल्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "बस. ऊठ. परत बस. अठरा इंच आहे. आता सांग, खुर्चीवर बसायला मी तुझी एनओसी घेऊ?"

निहारचे कान लाल झाले. "सॉरी आत्या," तो पुटपुटला. "पण पहिल्या वेळी बाहेर कोणीतरी बसेल ना?" हे त्याने विचारलं, सांगितलं नाही. म्हणून मी हो म्हणाले.

राजेशने भाच्याच्या चिठ्ठीशिवाय सही केली. ड्रॉइंग उलटसुलट बघत म्हणाला, "मावशी, एक नंबर काम आहे हं. कोणाकडून काढून घेतलंत?" कोपऱ्यात तिचं नाव होतं, ठळक अक्षरात. मला अजून राग येतो.

टब बसला. पहिल्या दिवशी मी बाथरूमच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. पंधरा मिनिटं झाली, आतून आवाज नाही.

"रत्ना, जिवंत आहेस ना गं?"

"नाही. जा घरी."

शनिवार, १७ जानेवारी २०२६. रत्नप्रभाचे दोन टॉवेल आमच्या गॅलरीत वाळत घातले. तिच्या दोरीला ऊन लागत नाही.