मुंबईला फॉल्ट सांगायची रीत

सौंसरच्या आमच्या जिनिंगमधले जुने लोक एकत्र आले की कापसाचं कुणी बोलत नाही, गाडी थेट कॉम्प्युटरवर येते. एक किस्सा संपत नाही तोच दुसरा 'मी बी हाय' म्हणत उभा राहतो. ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा शेठनी मुंबईच्या एका मोठ्या कंपनीकडून कॉम्प्युटर घेतला. कापसाच्या गाड्यांच्या वजनाच्या पावत्या त्यातून निघायच्या. चालवायला मी. शेठनी पहिल्याच दिवशी बजावलं, "मशीन नाही चालली त मशीन मुंबईले अन् तू पांढुर्ण्याले, आपल्या घरी."

*

पहिला फॉल्ट आला तेव्हा शेठनी स्वतः ट्रंक कॉल बुक केला. लाइन लागताच सुरू, "लोकाईले फसवून राहिले का तुम्ही?" आवाज पार गाड्या तोलायच्या धर्मकाट्यापर्यंत. पलीकडून कुणी चकार शब्द काढेना, म्हणून शेठ आणखी चढले. शेवटी एक्स्चेंजमधला माणूस मध्ये बोलला, "शेठ, त्यानं फोन कवाचाच ठेवला. मीच ऐकून राहिलो."

*

मग हे काम आमचे हेडक्लार्क गजभिये बाबू यांच्याकडे गेलं. कामाआधी समोरच्याची खुशाली विचारायची, ही बाबूंची रीत. कंपनीत सावंत नावाचे इंजिनीअर होते. बाबूंनी त्यांना विचारलं, "जेवन झालं का?" मग पाऊसपाणी, मग सावंतांच्या आईचा गुडघा. गुडघ्याला कोणतं तेल लावायचं ते सांगेपर्यंत कॉलची वेळ संपली, फॉल्ट पोटातच राहिला. मी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी मुंबईहून फोन. एवढी मोठी कंपनी, आपणहून!

"गजभिये बाबू, काल तुम्ही फोन कशाला केला होता?"

*

एकदा मी सुट्टीवर होतो. मशीन बंद, आणि फोनवर काट्यावरचा नामदेव.

सावंतांनी विचारलं, "स्क्रीनवर काय दिसतंय?"

"काळं हाय. अन् त्यात शेठ दिसून राहिले."

"शेठ?"

"माह्या मागं उभे हायेत नं."

सावंत शांतपणे म्हणाले, "आधी बटण चालू करा."

*

राग मलाही यायचा. एका तारेच्या मजकुरात मी कंपनीला 'निकम्मी' म्हटलं. बाबूंनी तो शब्द खोडला. "आपण काय केलं, मशीननं काय दाखवलं, अन् काय यायले पाह्यजे होतं, इतकंच लिही. शिवीनं फॉल्ट निघत असता त शेठनं कवाचाच काढला असता."

पुढे कुठंही नोकरी केली तरी माझं काम याच शिकवणीवर चाललं. बाबूंचे उपकार फिटायचे नाहीत.

*

आणि मग ती भर हंगामातली भानगड. बोरगावकडच्या गाड्यांचा कापूस मशीन कमी दाखवायला लागली. एका लहान गाडीचा तर उणे! फाटकाबाहेर बैलगाड्यांची रांग, माणसं तापलेली. शेठ म्हणाले, "उद्या मशीन मुंबईले." माझं काय होणार ते मी समजलो.

बाबूंनी फोनवर सांगितलं, "सावंत साहेब, चूक आमचीच असन, पण सापडून नाही राहिली. आमच्या कॉम्प्युटरवाल्याची नोकरी जाऊन राहिली."

सावंत मिळेल त्या गाडीनं आले. मशीनला हात न लावता काट्याजवळ खुर्ची टाकून बसले. भरलेली गाडी तोलली. कापूस उतरवला. आता रिकामी गाडी तोलायची, तर बोरगावला परतणारी बाया-माणसं आधीच तिच्यात चढून बसलेली. नामदेवनं सगळ्यांसकट 'रिकामी' गाडी तोलली, आणि तेवढं वजन कापसातून वजा झालं. पूर्वी काट्यावर बाबू असायचे, ते हाका मारून सगळ्यांना खाली उतरवायचे. मशीन आली, बाबू टेबलावर गेले, आणि हाक मारायचं काम कुणाकडेच राहिलं नाही.

सावंत हसले नाहीत. शेठना म्हणाले, "प्रोग्रॅममध्ये एक प्रश्न राहून गेला होता. घातला." तेव्हापासून रिकाम्या गाडीचं वजन टाकण्याआधी स्क्रीनवर यायचं, गाडीवरून सगळे उतरले का? हो म्हटल्याशिवाय मशीन पुढं सरकत नसे. मशीन राहिली, मीही राहिलो.

सावंत गेल्यावर, चूक मशीनची नव्हती, आपलीच होती, हे नामदेवनं शेठना सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या शेठनी मुंबईचा ट्रंक कॉल बुक केला. बाबूंनी पेन खाली ठेवलं.

लाइन लागली. शेठनी घसा खाकरला, एकदा बाबूंकडे पाहिलं.

"सावंत साहेब," ते हळूच म्हणाले, "जेवन झालं का?"