डॉलरला कुंकू

योगराजला खुर्चीवर पाठ टेकून बसलेलं मी वीस वर्षांच्या दोस्तीत पाहिलं नाही. सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये तो लूम फिटर, म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणारा. लूम चालू तर गडी शांत, बंद पडले की बेचैन. नवागामच्या खोलीत जेवायला बसला तरी टाच फरशीवर खटखट वाजते. बायको नूतन म्हणते, "यांचं बटण बंद करणारा अजून जन्मला नाही."

दिवाळीनंतर शेठनं जुने लूम विकून टाकले. कुठे, तर टांझानियात! छत्तीस लूम कंटेनरमध्ये चढले आणि शेडमध्ये कबुतरं शिरली. पण त्या लूमची नाडी योगराजशिवाय कुणाला कळणार? चौदा नंबरचा आवाज जरा बदलला की हा पलीकडच्या टपरीवरून चहा टाकून पळत यायचा. तिथल्या मिलनं पत्र धाडून त्यालाच बोलावलं. सहा महिने काम, राहणं-खाणं त्यांचं, पगार इथल्या अडीचपट, वर विमानाचं तिकीट. पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात एकच ओळ होती: उतरल्यावर विमानतळावर व्हिसाचे अडीचशे डॉलर स्वतः रोख भरायचे. नाही भरले तर आल्या वाटेनं परत.

आणि परत येऊन करायचं काय? कबुतरं उडवायची?

शनिवारी सकाळी मी त्याला रिंगरोडवरच्या परदेशी चलनाच्या दुकानात घेऊन गेलो. पासपोर्ट, पॅन, तिकीट, मिलचं पत्र, सगळं मीच लावून दिलं होतं. काउंटरवर हेतलबेन नावाची चष्मेवाली मुलगी. तिनं पुढे केलेल्या एका नोटेवर निळ्या पेनाची रेघ होती. बारीकशी. मी तिथेच आवाज चढवला. "बेन, आम्ही लूमवाले असलो तरी आंधळे नाही. कोरी नोट द्या!"

तिनं मुकाट्यानं बदलून दिली. शंभराच्या दोन, पन्नासाच्या दोन; अडीचशे व्हिसाला, वर पन्नास हातखर्चाला. पाकिटात घालताना म्हणाली, "काका, घडी मत करना, कुछ लिखना मत. वहाँ नोट को लड़की देखने आए हों, वैसे देखते हैं."

मी छाती फुगवून बाहेर पडलो.

दुपारी दोन वाजता नूतनचा फोन. "आप्पा, लवकर या. आईंनी पूजा केलीय."

"मग करू दे की!"

"डॉलरची केलीय."

मी पोचलो तर योगराज खोलीत चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे. देव्हाऱ्यासमोर चार नोटा ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीच्या मधोमध ओल्या कुंकवाचं बोट आणि खाली हळद. एकीलाही उपाशी ठेवलं नव्हतं. नूतननं एक पुसून पाहिली होती, तर त्या डॉलरवरच्या माणसाचा अर्धा गाल लाल झालेला. सुभद्राबाई, योगराजची आई, पाटावर ताठ बसून होती.

"मना पोऱ्या परमुलुखमा चालना, नि लक्ष्मीले कुंकू नही लावू?" ती माझ्यावरच उखडली.

योगराजनं आधीच तिकडे गेलेल्या अमोल फिटरला फोन लावला. त्याचं उत्तर स्पीकरवर सगळ्यांनी ऐकलं. "अरे, माझी एक नोट नुसता शिक्का होता म्हणून फेकली त्यांनी. कुंकू? योग्या, तू बॅगच भरू नको."

रविवारी पहाटे मुंबईची गाडी, संध्याकाळी विमान. दुकान शनिवारी पाचला बंद होणार. आम्ही रिक्षात बसलो तर मागून सुभद्राबाईही चढली. "मी लायेल शे, मीच बोलसू," म्हणाली. कुंकू तिनं लावलं, तर बोलणारही तीच. उधना दरवाजाच्या चौकात गर्दीत रिक्षा अडकली. योगराजची टाच पत्र्यावर अशी वाजत होती की रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "भाई, मारी गाडी तोडी नाखशो!"

साडेचारला काउंटरवर पोचलो. हेतलबेननं नोटा पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिलं.

"सुबह पेन की लकीर पे पूरी दुकान सिर पे उठाई थी ना आपने?"

 बोलायला जागा नसली तरी मी बोलतो, ही माझी सवय. "ग्राहकाला असं..." एवढं निघालं, तोच योगराजनं माझा दंड धरला.

"आप्पा, आज भांडू नको. आज मला जायचंय."

वीस वर्षांत त्यानं मला पहिल्यांदा गप्प बसवलं. 

सुभद्राबाई मात्र पुढे झाली. तिनं काउंटरच्या आत बोट दाखवलं. गल्ल्याच्या लाकडावर कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक होतं, चांगलं ठसठशीत.

"पोरी, हाई काय शे?"

हेतलबेन हसली. "माजी, मेरी मम्मी ने भी पहली पगार पे लगाया था. पर वो रुपया था. ये आगे बँक में जाएगा तो वो लोग पैसा काटेंगे."

"मग काटू दे. पण मला जाऊ द्या," योगराज म्हणाला.

ती आत शेठला विचारायला गेली. पाचला सात मिनिटं कमी होती आणि योगराजची टाच थांबली होती. तेच मला सहन होईना. ती बाहेर आली. चारही नोटा पडेल भावानं घेतल्या, बदल्यात अडीचशे कोरे डॉलर मिळाले. वरच्या पन्नासाचे कट कापून हातात जेमतेम सोळाशे रुपये आले. मी पावती तीनदा वाचली. कायद्यात बसत असेल-नसेल, मला माहीत नव्हतं, आणि हे कबूल करताना आजही जीभ जड होते.

पहाटे नूतननं पाकीट आधीच लपवलं. सुभद्राबाई करंडा घेऊन आली, इकडेतिकडे पाहिलं, आणि सगळं कुंकू योगराजच्या कपाळावर थापलं. तेलात कालवून.

सोमवारी दुपारपर्यंत फोन नाही. नूतननं तीनदा मोबाईल चार्जिंगला लावून काढला. एकदाचा वाजला.

"नोटा घेतल्या," योगराज म्हणाला. मागे मोठा गलका होता. "पण आई, तुझं कुंकू! रांगेत घाम फुटला, दोन्ही हातांनी कपाळ पुसलं, आणि माझी दहाही बोटं लाल! पुढे दोनच माणसं. पाकिटाला हात लावायची सोय नाही. शेवटी शर्टाच्या खिशातून पाकीट दातानंच ओढलं, खिडकीपाशी गेलो आणि मान पुढे केली. त्या बाईनं स्वतः काढून घेतल्या. हसली. शिक्का मारला."

सुभद्राबाईनं फोन नूतनकडून ओढून घेतला.

"मंग? पोचनं ना कुंकू तठलोंग?"

पलीकडे योगराज हसला. मग फोनमधून पुन्हा तीच खटखट ऐकू यायला लागली. टाचेची.