बाहुली कुणाची, ट्रॅक्टर कुणाचा?

बालवाडीत दहा वर्षं काढलेल्या बाईजवळ शेवटी दोन गोष्टी उरतात : खडूच्या धुळीचा खोकला आणि किस्से. खोकला औषधानं जातो. किस्से मात्र साठतच राहतात, आणि चार मैत्रिणी जमल्या की एकाचा हात धरून दुसरा बाहेर येतो. परवा तसंच झालं. कुणीतरी नातवासाठी गुलाबी स्वेटर विणायला घेतला होता, त्यावरून वाद पेटला. मुलांना गाड्या आणि मुलींना बाहुल्या, हे जन्मतःच असतं की आपण लावतो?

मी म्हटलं, "बायांनो, आधी चहा टाका. याला वेळ लागणार आहे!"

नव्वद सालानंतरची गोष्ट. माझं माहेर साताऱ्याचं. लग्न होऊन इस्लामपूरला आले आणि तिथल्या एका बालवाडीत लागले. आम्ही तिघीच होतो. मी, माझ्याबरोबर शिकवणारी सुमन, आणि मुलांना घरून आणणाऱ्या, खाऊ रांधणाऱ्या, नाकं पुसणाऱ्या हौसाबाई. खेळणी ठेवायला पत्र्याच्या दोन पेट्या होत्या. एकीवर तैलरंगानं लिहिलं होतं 'मुलगे' आणि दुसरीवर 'मुली'. मला ते फार खटकायचं.

सुमन म्हणायची, "अगं नलू, ते रक्तातच असतं. पेट्या एक केल्यास तरी पोरं आपापल्या वाटेनंच जाणार."

मी म्हणायची, "सगळं वळण आहे, वळण! आपण लावलेलं."

पैज लागली. हरेल तिनं सांगलीचं भडंग आणायचं. आणि एका सोमवारी मी दोन्ही पेट्या सतरंजीवर उलट्या करून एकच ढीग घातला.

०००

पहिल्या पाच मिनिटांत सारिका नावाच्या चिमुरडीनं थेट लाकडी ट्रॅक्टर उचलला! मी सुमनकडे असं बघितलं, की भडंगाचा पुडा जणू माझ्या हातातच आला.

पण मग बघते तर काय, सारिका भिंतीला टेकून मांडी घालून बसलेली, आणि ट्रॅक्टर फिरवतोय शेजारचा पोपट. पोपट म्हणजे पोपटराव पाटलांचा नातू, आजोबांचंच नाव ठेवलेला.

सुमन लगेच म्हणाली, "बघ! शेवटी गाडी पोराच्याच हातात गेली."

मी सारिकाला विचारलं, "का गं, तुला नाही का ट्रॅक्टर चालवायचा?"

ती माझ्याकडं अशी बघायला लागली, जणू मलाच काही कळत नाही. म्हणाली, "मी कशाला चालवू? ट्रॅक्टर माजा हाय. त्यो डायवर हाय!"

मग हौसाबाईंनी सांगितलं की हिच्या घरची ऊसशेती आज्जीच्या नावावर आहे, आणि आज्जी बांधावर खुर्ची टाकून बसते. ह्याला रक्त म्हणायचं की वळण, यावर सुमन आणि मी आठवडाभर भांडलो.

०००

मुलगे भातुकलीला काही केल्या हात लावेनात. "ती बायकांची हाय" असं एकानं म्हटलं की बाकीचे मान डोलवायचे. मी समजावलं, गोष्ट सांगितली, स्वतः खोटी पोळी लाटून दाखवली. काही उपयोग नाही.

हौसाबाई दारात तांदूळ निवडत होत्या. तिथनंच ओरडल्या, "आरं, ह्ये सैपाकघर न्हाईच! ह्ये हाटेल हाय!"

झालं! पोरांची झुंबड उडाली. एकानं चूल धरली, दोघं वड्याला बसले, एक खांद्यावर फडकं टाकून "एक कट मिसळ, दोन पाव!" म्हणून ओरडायला लागला. पोरी ऐटीत गिऱ्हाईक होऊन बसल्या आणि मिसळ परत पाठवायला लागल्या. "मीट कमी हाय. दुसरी आना!"

महिन्याभरानं त्यातल्या एकाची आई आली. मला वाटलं, आता ही भांडणार, पोराला बायकी सवयी लावता म्हणून. मी आधीच उत्तराची जुळवाजुळव करून ठेवली.

ती म्हणाली, "आवं बाई, आमचा बंड्या घरी पेलासुदिक उचलत न्हाई. तेवडं आमच्या घरी बी हाटेल निघालंय म्हणून सांगा की त्येला!"

०००

याच सुमाराला आमचं दोन दिवसांचं एक शिबिर झालं, साताऱ्याला. पस्तीस बाया आणि पाच-सहा पुरुष. व्याख्याते बाहेरगावचे, आवाज खणखणीत. त्यांनी असं काही भाषण दिलं की मी वहीभर लिहून घेतलं. "मुलाच्या हातात बाहुली द्या! मुलीच्या हातात मोटार द्या! आपणच त्यांना साच्यात घालतो!" मी सुमनला कोपरानं ढोसत होते, ऐक, ऐक म्हणून.

टाळ्या थांबल्या. सरांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले,

"आता मध्यंतर. भगिनींनी जरा चहाचं बघावं, आणि बंधूंनी खुर्च्या उचलाव्यात."

सुमन माझ्या कानाशी लागली. "नलू, हे रक्त की वळण?"

०००

आमच्या घरचंही सांगते, नाहीतर म्हणाल दुसऱ्यांचीच उणीदुणी काढते. माझी मुलगी चार वर्षांची झाली तेव्हा मी हट्टानं तिच्यासाठी सांगलीहून नटबोल्ट जोडायच्या पट्ट्यांचा खोका आणला. ह्यांनी तो "जरा दाखवतो तिला" म्हणून उघडला.

पहिल्या रविवारी ह्यांनी त्याची क्रेन केली. दुसऱ्या रविवारी पूल केला. पोरगी शेजारी बसून नट हातात द्यायची. तिनं एक पट्टी उचलली की हे म्हणायचे, "थांब, थांब, पडेल!"

पंधरा-वीस दिवसांनी माझी नणंद आली. तिनं कौतुकानं विचारलं, "अगंबाई, हे खेळणं तुझं का गं?"

पोरगी म्हणाली, "नाही. बाबांचं आहे. मला आणलं होतं."

०००

एका डॉक्टर जोडप्याची जुळी होती, एक मुलगा, एक मुलगी. दोघंही आईवडील शिकलेले, विचारांचे. त्यांनी पहिल्या दिवसापासून ठरवलेलं, दोघांत काडीचा फरक करायचा नाही. केस सारखे, कपडे सारखे, खेळणं आणलं तर दोन नग आणायचे.

आता पोरगी अशी, की जे दिसेल ते खोलायची. आमच्या भिंतीवरच्या घड्याळाची पाठ तिनं खोलून ठेवली होती! आणि पोरगा सगळं आवरायचा. भातुकलीची भांडी घासूनपुसून, लहानमोठी लावून ठेवायचा. हौसाबाईंचा तर तो जीव की प्राण.

एके दिवशी डॉक्टरीणबाई आल्या. चेहरा अगदी काळजीचा. खुर्चीवर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "बाई, आम्ही दोघांना अगदी सारखं वाढवलं हो. मग उलटी कशी झाली?"

मला हसू आवरेना. उलटी म्हणजे काय? पण त्या बाई खरोखर घाबरलेल्या होत्या. त्यांना वाटत होतं, आपलंच काहीतरी चुकलं. 

हौसाबाई खाऊची पातेली उतरवत होत्या. म्हणाल्या, "डाक्टरीनबाई, एका दावनीचं, एका वैरनीचं दोन बैल तरी सारकं चालत्यात व्हय? एक आत वढतो, एक भायेर. पर नांगरट हुतीच की!"

 डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं हसता हसता. जाताना मला म्हणाल्या, "आमच्या दवाखान्यात इतकं चांगलं औषध नाही."

०००

हा मात्र मला आष्ट्याच्या एका दुकानदारानं सांगितला. त्याचं खेळण्यांचं दुकान होतं, बाजारपेठेत. आमची खेळणी त्याच्याकडूनच यायची.

एका बाजारच्या दिवशी फेटेवाले आबा आले. मिशा कानापर्यंत. तरुणपणी कुस्त्या मारलेला माणूस. इकडं तिकडं बघून म्हणाले, "एक भावली दावा. डोळं मिटनारी."

दुकानदार घरोब्याचा. तो म्हणाला, "आबा, कुणाला?"

"नातीला."

"आवं पर तुमाला तर एकच नातू हाय. नात कवा झाली?"

आबांनी मिशीवरून हात फिरवला. नातू घरी रडून रडून भावली मागत होता, ते ह्याला कसं सांगायचं? मग बाहुली धोतराच्या सोग्यात गुंडाळत म्हणाले,

"आत्ताच!"

०००

आणि आता हा शेवटचा. हा मी फार कुणाला सांगितलेला नाही.

दत्तू नावाचा मुलगा होता, साडेचार वर्षांचा. कुंडलकडचं कुटुंब, पण आई माहेरी इस्लामपुरात राहायची, कारण बाप फौजेत. दूर, वर, बर्फात कुठंतरी. दत्तूकडं एक चिंध्यांची बाहुली होती, आजीनं जुन्या लुगड्याची शिवलेली. ती त्याच्या काखेतनं सुटायचीच नाही. तिला भरवायचा, पांघरूण घालायचा, मांडीवर थोपटायचा.

एक दिवस त्याची आई आली ती रडकुंडीलाच. "बाई, त्येचा बाप सुट्टीवर यायलाय. वरसानं यायलाय. त्यो असला कडक मानूस. पोरगं भावली घिऊन बसलेलं बघितलं तर काय म्हनंल? समदी मलाच बोल लावतील, बाईमानसांत वाढवून बिघडवलं म्हणून. तेवडी सोडवा कशीबी."

एवढी भाषणं ऐकलेली मी! म्हणायला हवं होतं, राहू दे की. पण तिचा चेहरा बघून मला धीर झाला नाही. मी बाहुली कपाटात ठेवली आणि दत्तूच्या हातात मोटार दिली.

त्यानं मोटारीकडं बघितलंही नाही. भिंतीकडं तोंड करून बसला. दुसऱ्या दिवशी तसाच. तिसऱ्या दिवशी खाऊलाही उठला नाही. सुमन, जी कायम रक्त-रक्त म्हणायची, तीच मला म्हणाली, "नलू, चुलीत गेली आपली पैज. त्याची बाहुली त्याला दे." मी कपाट उघडलं. दत्तूनं बाहुली घेतली, तिच्या अंगावरची धूळ झटकली आणि तिला पाणी पाजलं.

आणि दोनच दिवसांनी, ऐन अकराच्या सुमाराला, दारात त्याचा बाप उभा! सकाळच्या गाडीनं उतरून ट्रंक घरात टाकून तडक आलेला. उंच, राकट माणूस, पायात बूट तसेच. मागं दत्तूची आई, पदर तोंडाशी धरून. 

दत्तू खोलीच्या मध्यावर बाहुली थोपटत बसला होता. बाप चालत गेला आणि त्याच्यासमोर उकिडवा बसला. दत्तू त्याला नीट ओळखेना. 

"काय हाय रं त्ये?" बापानं विचारलं.

 मी पुढं होऊन काहीतरी बोलणार होते, तोच दत्तू बोलला.

"हळू बोला. त्यो झोपलाय."

"त्यो? कोन त्यो?"

"माजं पप्पा हाईत."

 चार महिने ती बाहुली मी रोज बघत होते. आम्ही तिघी तिच्यावरून काय काय बोललो होतो. ही कोण, म्हणून त्याला एकदाही कुणी विचारलं नव्हतं.

बापाचा आवाज एकदम खाली आला. "हितं कसं काय आलं म्हनायचं तुजं पप्पा?"

"सुट्टीवर आल्यात."

"आनि किती दिवसाची हाय सुट्टी?"

"त्येंची सुट्टी संपतच न्हाई," दत्तू म्हणाला.

दाराशी उभ्या असलेल्या आईनं तोंडावरचा पदर सोडला. बापानं दोन्ही हात पुढं केले. दत्तूनं थोडा विचार केला आणि बाहुली त्याच्या ओंजळीत ठेवली, झोपमोड होऊ नये अशी. त्या माणसानं ती उलटसुलट करून बघितली. तिचा एक हात खांद्यापासून उसवून दोऱ्यावर लोंबत होता.

मग मान वर न करताच तो मला म्हणाला,

"बाई, सुई-दोरा हाय का?"