अक्कांना आलेलं जपानी

सुमतीअक्का माझ्या जपानी क्लासच्या सगळ्यात कच्च्या विद्यार्थिनी होत्या.
आज सकाळी त्या गेल्या.

क्लासला आल्या तेव्हा वय बासष्ट. गडमुडशिंगीहून बसने कोल्हापुरात यायच्या.
मुलगा जपानमध्ये, सून तिकडचीच. चार वर्षांच्या नातीला, हानाला, मराठीचा एक शब्द येत नव्हता.

"मॅडम, पोरगी सुट्टीला यायची हाय. माझ्याशी बोललीच न्हाय तर?"
प्रत्येक तासाला हेच.

व्याकरण डोक्यात टिकायचं नाही. टिकले फक्त पक्षी.

कारासु म्हणजे कावळा. 'कारा' हा त्याचा आवाज, 'सु' हे पक्ष्यांच्या नावामागे लागणारं शेपूट.
"म्हंजे काव काव वरनं कावळा, तसंच की!"
सुझुमे म्हणजे चिमणी. 'सुझु' ही तिची चिवचिव, असं मानतात.
निवातोरी म्हणजे कोंबडी. निवा म्हणजे अंगण, तोरी म्हणजे पक्षी.

हाना आली. तीन दिवस आजीजवळ फिरकली नाही.

चौथ्या दुपारी मुलगा-सून बाहेर गेलेले. पोरीनं खोलीत जाऊन आतून कडी लावली.
काढता येईना. रडून रडून श्वास लागला.

अक्कांनी मला अकरा फोन केले.
मी शिकवत होते. फोन सायलेंटवर.

त्या खिडकीच्या गजांपाशी धावल्या. 'कडी काढ' जपानीत कसं म्हणायचं?
काही म्हणजे काही आठवेना.
शेजारच्यांच्या कोंबड्या दिसल्या.
"निवातोरी!" त्या ओरडल्या. मग "कारासु! सुझुमे!" तोंडाला येईल ते.

रडणं थांबलं.
पोरगी खिडकीशी आली. "निवातोरी, दोको?" कुठाय कोंबडी?
अक्कांनी बोट दाखवलं. मग कडी कशी सरकवायची ते हातानेच दाखवलं. पुन्हा पुन्हा.

कडी निघाली.

संध्याकाळी मी घाबरत फोन लावला.
"फोन कशाला बाळगता वो मॅडम?" म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या.
मी माफी मागत होते, तेवढ्यात मागून हाक आली. "ओबाचान!"
आजी!
अक्का फोन तसाच टाकून गेल्या.

हाना आता सात वर्षांची आहे. आईबाबांबरोबर विमानात आहे, उद्या पोचेल.
तिला अजून काही सांगितलेलं नाही.
विमानात बसण्याआधी अक्कांचा मुलगा फोनवर म्हणाला, "माझ्या तोंडून निघणार नाही. तुम्हीच सांगा."

वाक्य लिहितेय, खोडतेय. आयुष्यभर हीच भाषा शिकवली, आणि चार शब्द जुळत नाहीत.

अक्का, निवांत जा.
उद्या तुमच्या दारात मी उभी असेन.