दोन जोड्या आन साळ्याच्या लग्नाची सुट्टी

हसायचं तं हसा बाप्पा, पन मधात टोकू नका. मूर्खपना म्या केला, तवा सांगनार बी मीच.

ऊर्जानगरच्या क्वार्टरमंदी ब्रॉडबँड नवंनवं आलं व्हतं. नेट चालू असलं तरी फोन लागे, याचंच आमाले केवढं अप्रूप! मी आन रफीक दोघंही वीज केंद्रात कोळसा वाहनाऱ्या पट्ट्यावर कामाले, एकाच पाळीत. ड्यूटीवरून आलो का मी कॉम्प्युटरवर पोकर खेळत बसू. पैशाचं नाई हो, फुकटचे चिप्स. पन जिंकलो का दुसऱ्या दिवशी कँटीनमंदी चार लोकायले सांगितल्याशिवाय चहा गळ्याखाली उतरत नसे. रफीकले बी तो खेळ म्याच शिकवला.

त्यात साळ्याचं लगन निघालं, नागभीडले, रविवारी. रविवारी आमा दोघांची सकाळपाळी. रफीकचं मूळ घर माह्या सासऱ्याच्या शेजारीच, म्हनून निमंत्रन त्याले बी. साहेब म्हनाले, दोघातून एकालेच सोडतो, कोन जाते ते तुमीच ठरवा.

रफीक सरळ मानूस. तिथल्या तिथं म्हनाला, "गजूभाऊ, तू जा. तुह्या घरचं लगन हाय. पाळी मी पाहतो."

आता सांगा, गोष्ट इथंच संपाले पाहिजे व्हती का नाई? कोनताही शहाना मानूस 'बरं बाप्पा' म्हनून घरी गेला असता. पन कँटीनमंदी लोकं ऐकून राह्यले व्हते, आन माह्या अंगात हुशारी मावत नव्हती. म्या म्हटलं, असं फुकटात नाई, पोकरवर ठरवू. जो जिंकंल तो लग्नाले जाईल. रफीकनं दोनदा इचारलं, "पक्का?" म्या दोनदा हो म्हटलं.

गुरुवारी दोघायचाही ऑफ. सकाळी तो त्याच्या घरी, मी माह्या घरी, कॉम्प्युटरवर समोरासमोर. माही बायको सुनंदा मागं तांदूळ निवडत बसली व्हती. तिनं माह्यासाठी लग्नाचा सफारी शिवाले टाकला व्हता. पैजेचं तिले काहीच मालूम नाई.

पोकर म्हनजे दोन पत्ते आपल्या हातात, बाकीचे टेबलावर सगळ्यायचे. माह्या हातात बादशा आन नव्वी. टेबलावर तीन पत्ते उघडले: बादशा, नव्वी, अठ्ठी. म्हनजे एकदम दोन जोड्या! म्या चिप्स लावले. रफीकनं वाढवले. म्या अजून टाकले, त्यानं अजून वाढवले. चौथा पत्ता उघडला, दुर्री. त्यानं पुन्हा वाढवले.

दोन जोड्या म्हनजे मोठं नाजूक प्रकरन. टाकून द्यायले जीव होत नाई, आन समोरचा असा चढून आला का पुढं लावायची हिंमत बी होत नाई. आमच्या तीन पत्तीत जो लय उडते त्याच्या हाती कचरा असते, हे मले मालूम. पन तिथं मानसाचं तोंड दिसते. इथं काय पाहू, डोंबल?

मंग माहं डोकं चाललं. तोंड नाई दिसत, आवाज तं आयकू येते! म्या त्याच्या घरी फोन लावला.

फोन त्याच्या अम्मीनं उचलला. म्हनाली, "बेटा, वो तो नहाने गया. नळ जायची येळ झाली ना."

"मंग कॉम्प्युटरवर कोन हाय?"

"मैच हूँ ना! तीन पत्ते खुले, उसने देखा, हसला, आन मले म्हने, अम्मी, हे उजवीकडचं वाढवायचं बटन दाबत राह्यजो, मी आलोच. कबसे दबा रही हूँ."

म्या फोन ठेवला आन खुर्चीतच उडी मारली. सुनंदाले सगळं सांगून टाकलं, पैजेसकट. म्हटलं, पाहा, ज्याच्या भीतीनं मी घामाघूम झालो तो तं न्हानीत हाय! म्हातारीले एक्का न दुर्री कळत नाई, उगाच बटन दाबून राह्यली. आन म्या व्हते नव्हते तेवढे चिप्स पुढं सरकवले.

अम्मीनं बटन दाबलं.

तिकडचे पत्ते उघडले. दोन अठ्ठ्या हातात, एक टेबलावर. तीन अठ्ठ्या, म्हनजे दोन जोड्यायच्याही वरचा हात! पाचव्या पत्त्यानं बी काही मदत केली नाई.

सुनंदानं आयुष्यात पत्त्याले हात लावला नाई. ती तांदूळ निवडता निवडता म्हनाली, "पत्ते भिकार असते तं तो मायले बटन दाबाले सांगून आंघोळीले गेला असता का हो?"



रफीक बिचारा सांजच्याले घरी आला, म्हने अजूनही तूच जा. पन कँटीनमंदी जबान देऊन बसलो व्हतो ना! रविवारी मी पट्ट्यावर, आन रफीक नागभीडले पंगतीत.

सुनंदा मंगळवारी परत आली. म्या हळूच इचारलं, मी काऊन नाई आलो म्हनून काय सांगितलं?

"खरं तेच सांगितलं," ती म्हनाली. "भेटलेली सुट्टी पत्त्यावर लावली आन रफीकभाऊच्या अम्मीसंगं हरले. पन पटलंच नाई कोनाले. बाबा म्हने, इतका येडा मानूस राहूच शकत नाई, जवाईबापू नक्की कायच्यावर तरी रुसले. उद्या येऊन राह्यले समजूत काढाले."

आले ना खरंच! सत्तर वर्साचे सासरे, बसमधून उतरले ते फेटा, दुपट्टा, नारळ घेऊन. हात जोडून म्हनाले, आमचं काही चुकलं असंल तं पोटात घाला.

आता मले सांगा, त्याहिले काय सांगू? म्या तोंड फुगवून बसलो, दोन चहा होईपर्यंत मानलो नाई, आन मंग मोठ्या मनानं त्याहिले माफ केलं.