जऊळक्यातून चालणारं बंदर

आमच्या वाशीम जिल्ह्यात पाणी म्हटलं की विहीर, तलाव, नाहीतर टँकर. तरी जऊळक्याच्या स्टेशनसमोरच्या माझ्या खत-बियाण्याच्या दुकानातून एका मोठ्या बंदराचा कारभार चालतो, असं गावाचं ठाम मत आहे. कारण माझी मुलगी तिथल्या कंट्रोल टॉवरमध्ये बसते. कोणतं जहाज आत घ्यायचं, कोणाला बाहेर उभं ठेवायचं, कोणाला ओढायला टग द्यायची, कोणाकडे वाट दाखवायला पायलट धाडायचा, हे सगळं ती वायरलेसवर सांगते आणि जगभरातले कप्तान मुकाट्यानं ऐकतात. घरी तिनं माझं एक ऐकलं असेल तर शपथ.

मी तिथं एकदाच गेलो. सख्ख्या पोरीचं ऑफिस, पण गेटवर माझा फोटो काढला, लाडवांचा डबा मशीनमधून फिरवला, डोक्यावर हेल्मेट आणि अंगात केशरी जाकीट चढवलं, आणि एवढा शृंगार करून टॉवरच्या खाली बसवून ठेवलं. मला राग आला. पोरगी खाली उतरून आली तशी म्हटलं, "बाप हाय म्हनून सांग की त्याईले."

"सांगितलं," ती म्हणाली. "म्हनून तर गेटच्या आत आले तुमी."

मी निघताना तिनं माझ्या मोबाइलवर जहाजांचा नकाशा टाकून दिला. प्रत्येक जहाज म्हणजे एक रंगीत बाण, त्यावर बोट ठेवलं की नाव आणि वेग दिसतो. झालं. युरिया घ्यायला आलेला माणूस तेलाचं जहाज धक्क्याला लागल्याशिवाय हलेना. शेजारी सायकली दुरुस्त करणारे चाचा रोज सकाळी हजेरी घ्यायचे, "सेठ, आज बेटीनं कोनाले बाहेर उभं ठेवलं?"

मग एका वर्षी तिकडे चक्रीवादळ निघालं. ते धडकायच्या आदल्या दिवशी नकाशावर पाहतो तर आतले सगळे बाण एकामागून एक बाहेर निघालेले.

"तुफान येऊन राह्यलं अन् बेटी मेहमानाईले घराबाहेर काढून राह्यली?" चाचा म्हणाले. गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही. मी फोन लावला.

"बाबा, गोठा पेटला तर ढोरं बांधून ठेवता काय? धक्क्याले बांधलेलं जहाज दोर तोडून धक्काच फोडते. खोल पाण्यात ते आपलं आपलं सांभाळते."

"अन् तू?"

"टॉवरमंधीच. कोनीतरी वायरलेसवर पाह्यजे ना."

आग लागो तुह्या नोकरीले, असं काहीतरी मी बोललो. ती "बरं" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन लागेना. टीव्हीवाला पोरगा उलटलेली छत्री धरून ओरडत होता, पण टॉवरचं काही सांगत नव्हता. मी दुकानात नकाशा धरून बसलो. दूर समुद्रात पांगलेले सगळे बाण नावागावासकट दिसत होते. तिनं ज्यांना बाहेर काढलं, ते सगळे मला दिसत होते. तिचा टॉवर तेवढा नकाशावर नव्हता. मी घाबरलो होतो, सरळ सांगतो. चाचा अर्धं खोललेलं चाक सोडून माझ्याजवळ येऊन बसले. बायको डबा घेऊन आली, तिनं विचारलं, "दिसली का?" म्हटलं, "नाही."

"मंग पाहून कायले राह्यले?"

दुपार कलली तेव्हा एक बाण वळला आणि बंदराबाहेर येऊन थांबला. त्याच्यामागे दुसरा, तिसरा. बऱ्याच वेळानं पहिला हळूहळू आत शिरला, दोन्ही बाजूंना टग. कप्तान मनानं आत येत नाही, त्याला कोणीतरी ये म्हणावं लागतं.

"बोलली," मी बायकोला म्हटलं. "जहाजासंग बोलली." वायरलेसवर दुसरं कोणी असेल, हेही मनात आलं. ते मी तिला सांगितलं नाही.

दिवेलागणीला फोन वाजला. कालपासून साठवलेल्या शिव्या मी तोंडात घोळवत होतो. "बाबा, एक मिनिट थांबा," ती म्हणाली आणि तिकडे कुठल्याशा कप्तानाला इंग्रजीत काही सांगू लागली. आवाज पार बसला होता, पण तिचाच होता. मी फोन कानाशी धरून गुपचूप उभा राहिलो.

बायकोनं माझा हात हलवला. "काय म्हनते?"

"थांब," मी म्हटलं. "आपला नंबर नाही आला अजून."